रुद्रप्पाच्या खानावळीतली काशम्मा

सोलापुरात तेव्हा ज्याची त्याची जेवायची जागा ठरलेली होती. स्टेशनाजवळ ब्राह्मणांचं भोजनगृह होतं, तिथे वरणभातावर तुपाची धार पडे. साखर पेठेत तेलुगू विणकरांच्या खानावळीत भाताचे ढीग आणि चिंचेचं झणझणीत सार मिळे. विजापूर वेशीतल्या भटियारखान्यात पहाटेपासून बकऱ्याचा पाया रटरटत असे. कापडगिरणीच्या मागे मटणाच्या खानावळी होत्या, आणि बाळीवेशीत लिंगायतांच्या. तिथे कडक भाकरी, शेंगांची चटणी, सणावारी गव्हाची गोड हुग्गी. परगावचा माणूस भुकेला आला की लोक आधी त्याची जात विचारत आणि मग वाट दाखवत.

केराबाई या सगळ्या दारांतून हिंडली ती जेवायला नव्हे, कामाला. दुधनीजवळच्या एका खेड्यातली ही धनगराची पोर. नवऱ्याने, सिद्धनाथने, मेंढरं विकून गिरणीत नोकरी धरली आणि दोन वर्षांत पटकीने तो एका दिवसात गेला. पोरबाळ नव्हतं. भाऊ बिरप्पा न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "तुझीच खाणारी तोंडं सात हायत. मी हितंच कायतरी बघते." तिला दुसरं काही येत नव्हतं, पण भाकरी येत होती. शाळूच्या पिठात उकळतं पाणी घालून ती अशी मळायची की लाकडी काटवटीवर थापताना भाकरी फाटायची नाही, कितीही पातळ झाली तरी. तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. महिनाभर राहिली तरी कुरकुरीत.

भोजनगृहाच्या मालकाने तिला मागच्या अंगणात तांदूळ निवडायला बसवलं. सैपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेली तर वाढप्याने हातातला डाव उगारला. साखर पेठेतली माणसं मायाळू, पण त्यांना भाकरीचं कामच नव्हतं. विजापूर वेशीत एक म्हातारी भटियारीण मात्र हसून म्हणाली, "आजा बेटी, बैठ. पहले खा ले." दोन दिवसांची उपाशी असूनही केराबाई तिथून मागे सरली. "आमाला चालत न्हाय," ती म्हणाली. म्हातारीने मान हलवली आणि परत नान भाजायला लागली.

मग तिने बाजाराच्या तोंडाशी तीन दगडांची चूल मांडली आणि भाकऱ्या विकायला लागली. तिथेच एका सकाळी रुद्रप्पा तिच्यासमोर थांबला.

बाळीवेशीतली लिंगायतांची एक खानावळ या रुद्रप्पाची होती. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, बोलणं गोड. त्याने एक भाकरी उचलून उन्हात धरली आणि पलीकडची बोटं दिसतात का ते बघितलं. दिसत होती. त्याने कानडीत विचारलं, "कुठली तू?" केराबाईला दोन्ही भाषा सारख्याच. तिने कानडीतच गाव सांगितलं, जातही सांगितली.

"माझ्या बायकोची बोटं आखडली आहेत," तो म्हणाला. "तिला आता थापायला जमत नाही. तू ये. जेवण, राहायला कोपरा, वर्षाला दोन लुगडी आणि महिन्याचा पगार. पण तू केराबाई नाहीस. तू काशम्मा. माझ्या लांबच्या नात्यातली विधवा, गुलबर्ग्याकडची. कळलं?"

"देवाला काय सांगू मग?" ती म्हणाली.

"देवाला सगळं ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला ठाऊक नसलं म्हणजे झालं."

घरी नेल्यावर त्याने बायकोकडून लिंगाची एक जुनी चांदीची डबी मागून घेतली. शरणम्मा, त्याची बायको, ती देताना घुटमळली. "अहो, रिकामी आहे ती. रिकामी गळ्यात घालायची म्हणजे पाप." रुद्रप्पा म्हणाला, "उघडून कोण बघतंय?" केराबाईने डबी गळ्यात बांधली. तिचा देव बिरोबा. त्याला तिने मनातल्या मनात हात जोडले आणि चुलीपुढे बसली.

चार वर्षं ती बसली. मटण सुटलं. मिरवणुकीत ढोल वाजले तरी ती बघायला बाहेर गेली नाही, न जाणो कुणी ओळखलं तर. शरणम्मा तिच्याशी चांगली वागे. दुपारी दोघी शेंगा भाजून कांडायच्या, तेव्हा ती आपली सुजलेली बोटं दाखवून म्हणायची, "काशम्मा, तू आलीस म्हणून हे घर उभं आहे ग." एकटं असतानाही ती काशम्माच म्हणायची. पुढे पुढे केराबाईलाही त्या नावाला ओ द्यायची इतकी सवय झाली की बाजारात कुणी केरा म्हणून हाक मारली असती तर तिने वळून पाहिलं असतं की नाही, कोण जाणे.

एकोणीसशे तीस साली शहरात मार्शल लॉ लागला. बाजार बंद, पिठाच्या गिरण्या बंद, रस्त्यावर गोरे शिपाई. बाकीच्या खानावळींच्या चुली विझल्या. रुद्रप्पाच्या माजघरात मात्र काशम्माच्या भाकऱ्यांच्या सात पाट्या भरलेल्या होत्या. बाळीवेशीत अडकलेली माणसं ती कडक भाकरी आणि चटणी खाऊन निभावली. त्यानंतर रुद्रप्पाच्या खानावळीचं नाव पार विजापूरपर्यंत गेलं. व्यापारी पंच्यात भाकऱ्या बांधून नेऊ लागले. "आमच्या घराण्याचा हात आहे," रुद्रप्पा सांगायचा. केराबाई आतून ऐकायची. तिला तेव्हा राग आला नाही. उलट थोडं बरंच वाटलं. पुढे तिला त्या बऱ्या वाटण्याचीच जास्त लाज वाटली.

पुढच्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एक दिवस भर दुपारी ती पीठ मळत होती. बाहेर गल्ल्यापाशी कुणीतरी रांगडं मराठी बोलत होतं.

"मालक, हितं केराबाई म्हणून बाई हाय का? कुणी म्हनलं हितं भाकऱ्या करतीया."

बिरप्पाचा आवाज. तिचे हात पिठात थांबले.

"अशी कोणी नाही इथे," रुद्रप्पा म्हणाला.

"जरा आत इचारा की. लई लांबनं आलोय. निरोप हाय घरचा."

"सांगितलं ना, नाही म्हणून. आमच्यात केराबाई कुठून येणार? लिंगायतांची खानावळ आहे ही."

मधे फक्त एक पडदा होता. पडद्याखालून तिला भावाच्या वहाणा दिसत होत्या. शरणम्मा शेजारीच भाजी चिरत होती. तिने विळीवरून मान वर केली, केराबाईकडे बघितलं आणि फक्त डोकं हलवलं: नको. केराबाईने गोळा काटवटीवर टाकला आणि थापायला सुरुवात केली, थापण्याच्या आवाजात बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. वहाणा जरा वेळ तिथेच राहिल्या. मग गेल्या.

पगार झाला की गावाकडे निरोप धाडू, असं तिने ठरवलं. मग संक्रांतीची गडबड आली आणि राहून गेलं.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला माणूस मावत नव्हता. खानावळीत पंगतीवर पंगत बसत होती, वाढपी कमी पडले. रुद्रप्पा आत येऊन ओरडला, "काशम्मा, भाकरी घेऊन तूच बाहेर चल." चार वर्षांत ती पंगतीत कधी गेली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती वाढत निघाली. तिसऱ्या ताटापाशी एका पांढऱ्या मिशांच्या माणसाने तिच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"केरा? केराच की ग तू!"

तो निंगप्पा होता, तिच्या गावचा लिंगायत किराणा दुकानदार. लहानपणी तिला मूठमूठ गूळ द्यायचा. त्याच्या तोंडावर नुसता आनंद होता. तिने डोळ्यांनी त्याला गप्प राहायला सांगितलं. त्याला ते कळलं नाही.

"अग, तुझी आई गेली की. दिवाळीत. शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. बिरप्पा येऊन गेला म्हणं हितं, तू काय सापडली न्हाईस. कळलं न्हाय का तुला?"

केराबाईच्या हातातून भाकऱ्या पडल्या नाहीत. तिने परात हळूच खाली ठेवली.

शेजारच्या ताटावरच्या माणसाने विचारलं, "बिरप्पा कोण?"

"हिचा भाऊ. आमच्या गावचा धनगर," निंगप्पा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला तेव्हा उमगलं. त्याने घास ताटात ठेवला आणि मान खाली घातली.

पंगत एकदम उठली नाही. आधी एकजण उठला, मग त्याचं बघून दुसरा. कुणी अंगणात जाऊन खळाखळा चूळ भरली. कुणी घशात बोटं घातली. त्यात एक अडत्या होता. मार्शल लॉत महिनाभर तो तिच्याच भाकऱ्यांवर जगला होता. "चार वर्षं बाटवलंस आम्हाला!" तो रुद्रप्पाच्या अंगावर गेला.

रुद्रप्पाने कपाळावर हात मारला. "मला काय ठाऊक! गळ्यात लिंग बांधून आली. म्हणाली गुलबर्ग्याची. विधवा म्हणून दया केली हो मी! फसवलं मला या बाईने!"

केराबाईने दारात उभ्या असलेल्या शरणम्माकडे बघितलं. शरणम्माचे ओठ हलले. पण आवाज काही आला नाही.

"काढ ती डबी तिच्या गळ्यातली," रुद्रप्पा बायकोला म्हणाला. शरणम्मा पुढे झाली. तिच्या आखडलेल्या बोटांना गाठ सुटेना. सगळे बघत होते आणि ती नुसती दोऱ्याशी झटत होती. शेवटी केराबाईनेच हात मागे नेऊन गाठ सोडली, डबी तिच्या तळहातावर ठेवली आणि जत्रेच्या गर्दीत बाहेर पडली. लुगड्यांचं गाठोडं आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी खानावळ धुऊन काढली. मडकी फोडली, चुली नव्या घातल्या, जंगमांना, लिंगायतांच्या पुरोहितांना, बोलावून जेवू घातलं. केराबाईची काटवट रस्त्यावर फेकून दिली होती. ती कुणीतरी जळणाला नेली.

ती गावी गेली. बिरप्पा मेंढरांना पाणी दाखवत होता. तिला बघून तो रडेल असं तिला वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "मी आलतो त्या दिवशी तू आत हुतीस?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हय," ती म्हणाली.

"माझा आवाज ऐकलास?"

"व्हय."

त्याने डोक्यावरचं घोंगडं सारखं केलं आणि मेंढरं घेऊन माळाकडे गेला. भावजयीने भाकरी वाढली, पण तो संध्याकाळपर्यंत परतला नाही. केराबाई आईला पुरलं होतं तिथे जाऊन बसली. मग दुधनी स्टेशनची वाट धरली.

गिरणीच्या मागे चिमाबाई नावाच्या मराठा बाईची मटणाची खानावळ होती. चिमाबाई तोंडाने फटकळ. "जात काय ते खरं सांग, आन् कामाला लाग," ती म्हणाली. केराबाईने सांगितलं. पहिल्या दिवशी तिच्यापुढे रश्श्याची वाटी आली. मधल्या वर्षांत सवय गेली होती; दोन घास खाल्ले आणि मोरीत जाऊन ओकली. हात धुताना तिला हसू आलं. अडत्याने जसं केलं तसंच आपण केलं, फक्त आपल्याला बोटं घालावी लागली नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी शरणम्मा आली. मटणाच्या वासाने पदर नाकाला लावून ती गल्लीतच उभी राहिली. केराबाई बाहेर आली.

"नवी बाई ठेवली आहे," शरणम्मा म्हणाली. "तिची भाकरी जाड होते, चार दिवसांत बुरशी धरते. माणसं बोलायला लागलीत. ह्यांनीच पाठवलं मला. तू इथे कुठे आडोशाला शाकाहारी चूल मांड. रोजच्या पाट्या आमचा माणूस येऊन नेईल. कुणी केल्या ते कोणाला कळणार नाही."

"आन् बाटणं?"

शरणम्माने नाकावरचा पदर आणखी घट्ट धरला.

"एक सांगा," केराबाई म्हणाली. "त्या दिवशी तुमी का बोलला न्हाय? डबी तुमीच दिली हुती की."

"मी बोलले असते तर आमची खानावळ बसली असती, काशम्मा."

"माझं नाव केरा हाय."

शरणम्माने डोळे पुसले. ती वाईट बाई नव्हती; केराबाईलाही ते ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. वाईट असती तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

"जावा आता तुमी," ती म्हणाली. "आमची गिऱ्हाइकं येतील."

म्हणून काही रुद्रप्पाची खानावळ बंद पडली नाही. मंगळवार पेठेतली एक गरजू लिंगायत म्हातारी त्याला मिळाली. तिची भाकरी केराबाईच्या जवळपास जाणारी होती, आणि लोकांना तेवढा फरक कळेना. वर्षाच्या आत अडत्या परत त्याच पाटावर बसू लागला. पुढे रुद्रप्पाने शेजारची खोलीही घेतली.

केराबाई चिमाबाईकडेच राहिली. गिरणीच्या माणसांना पातळ, कुरकुरीत भाकरीचं कौतुक नसे. त्यांना बोटभर जाड, मऊ भाकरी हवी, रस्सा शोषून घेणारी, पोट भरणारी. ती तशा थापायची. वर्षभराने एकदा चिमाबाई म्हणाली, "बाळीवेशीत तुझ्या कडक भाकरीचं लई नाव हुतं म्हणं. एक दिवस कर की, बघू तरी."

"इसरले मी," केराबाई म्हणाली. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला, आणि तिने पिठाची परात पुढे ओढली.