जोडभिंतीतली बाटली

आमचे आजोबा गवंडी होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी घराच्या पायात नारळ आणि हळदकुंकू टाकणं सोडलं, पण रिकाम्या हातानं भिंत उभी करायला त्यांचा जीव धजेना. म्हणून त्यांनी बाटली काढली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, आत कागद, कागदावर तीन गोष्टी: कोणी बांधलं, त्या दिवशी काय खाल्लं आणि एक खरी गोष्ट. वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नसतो, तेव्हा त्याच्याशी खोटं बोलून फायदा काय, असा त्यांचा हिशोब. बाटलीची जागाही ठरलेली, भिंतीच्या फाटकाकडच्या टोकाला, छातीच्या उंचीवर. कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा त्यांनी बाटली घातली होती. कोंबड्यांविषयी कोणतं सत्य लिहिलं असेल देव जाणे, म्हणजे आमच्याकडे तोही नाही.

त्यांची दोन्ही मुलं, माझे बाबा आणि काका, कारंजा गावात शेजारी शेजारी राहतात आणि काकांच्या मोरीचं पाणी आमच्या अंगणात येतं. एवढ्यावर दोघांचं बोलणं बंद झालं. पुढे चुलतबहिणीचं लग्न ठरलं, अख्ख्या वस्तीला आवतण गेलं, आम्हाला नाही. मोठ्या बाबांशिवाय, म्हणजे माझ्या बाबांशिवाय, पोरगी बोहल्यावर जाणार, या विचारानं आईला अन्न गोड लागेना. बाबांना विचारलं तर म्हणत, ‘‘मले काय फरक पडते?’’ आणि पानातली भाकरी तशीच ठेवून उठत.

अशात दोघांनी अंगणात भिंत घालायचं ठरवलं. ठरवलं तेही बायकांमार्फत. एकानं आणलेला गवंडी दुसऱ्याला चालेना, म्हणून दोघांनी आपापल्या बाजूनं एकेरी विटेची भिंत रचायला घेतली, पाठीला पाठ लावून. दोघंही निवृत्त, दोघांची कंबर दुखते, पण पलीकडचा थर वर गेलेला दिसला की अलीकडचा पाणीही न पिता विटा लावायचा. अक्कल वाटली जात होती तेव्हा हे दोघं बहुतेक असेच कुठंतरी भांडत असावेत.

भिंत छातीपर्यंत आली. बाबांनी बाटलीसाठी एक वीट सोडली आणि बाटली काठीनं आत ढकलली. काकांनीही आपली वीट सोडली होती, नेमकी तिथंच. एकाच बापानं शिकवलेले, दुसरीकडं सोडणार कुठं? त्यांच्या बाजूनं भिंतीवर ओली पोती टाकलेली असल्यानं भोक दिसलं नाही. बाटली सरळ पलीकडे गेली आणि काकांच्या घमेल्यात पडली.

बाबांनी भोकात हात घातला, पण उशीर झाला होता. पलीकडे काकांनी बूच काढलं आणि काकूंना हाक मारली, ‘‘ऐक वं, माह्यावर काय लिहिलं त्यानं.’’ आम्हाला ऐकू यावं म्हणूनच ते मोठ्यानं वाचू लागले.

‘‘आज वांग्याची भाजी खाल्ली. पलीकडची भिंत माह्या सख्ख्या भावानं बांधली. तो डोक्यानं बैल आहे.’’

काकू हसल्या. आईनंही पदर तोंडाला लावला. काकांचा आवाज मात्र पुढे हळू झाला.

‘‘खरं सांगतो. उतार माह्याच अंगणाले आहे, पाणी इकडंच येईन. अन् भिंत कधी पाडाल तर माही बाजू पाडा. त्याची सरळ आहे. बापाचा हात त्याले आला, मले नाई आला.’’

बाबा थापीवरचा वाळलेला माल नखानं काढत राहिले. मला त्यांची फार दया आली, आणि रागही. एवढं साधं बोलायला यांना भिंत लागली.

मग काकांनी पोतं बाजूला केलं. भोकात त्यांचा एक डोळा दिसला.

‘‘दादा, तुही भिंत खरंच वाकडी आहे. येऊ का सरळ करायले?’’

‘‘येजो,’’ बाबा म्हणाले. मग म्हणाले, ‘‘अन् पोरीचं लग्न कधी आहे, तेही सांगजो.’’

तारीख त्यांना केव्हाचीच पाठ होती.