सगुणाबाईची सावड

परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात सगुणाबाईचा हात चालायला लागला की खात्यातल्या बायांवर देखरेख करणारी नायकीणसुद्धा घटकाभर उभी राहून बघायची. सूत तुटलं की दोन बोटांत गाठ, आणि बॉबिन पुन्हा गरगर. लग्नाआधीपासूनची ती जागा होती. आईबापांनी दिलेली नव्हे, नवऱ्यानं दिलेली नव्हे, तिची स्वतःची.

सासरे गेले आणि तिच्या नवऱ्यानं, बहिरूनं, गिरणी सोडून गावाला, रिह्याला जायचं ठरवलं.

"आईची कंबर गेलीय," तो म्हणाला. "बापय माणूस चिखलणी करील, पण भाताची आवणी, रोपं लावायचं काम, बायांचं. एवढी आवणी करून दे आणि जा तू परत. मी सुगी झाली की येतोच."

रजा मागितली तेव्हा नायकिणीनं डोळे वटारले. "नागपंचमीला खात्यात उभी दिसलीस तर जागा तुझी. नाही दिसलीस तर माझ्या नावानं रडत येऊ नको."

रिह्यात उतरल्या दिवशीच सगुणाबाईचा जीव घुसमटला. मान वर करावी तिकडं डोंगर. त्यावर ढग टेकलेले, उठायचं नाव नाही. चाळीत दहा बिऱ्हाडं भिंतीला भिंत लावून राहायची, तरी दार लोटलं की माणूस एकटं. इथं घरं लांब लांब, आणि एकटं म्हणून कुणी राहू देईना. ती सकाळी कुठल्या वाटेनं गेली, किती वेळानं आली, चहात साखर किती घालते, सगळं पाणवठ्यावर तिच्या आधी पोचलेलं.

"मंबईवाले," साळूबाई हंडा घासता घासता विचारायची, "तितं नवरा-बायको दोगंबी कामाला जात्यात, मग घरात कोन ऱ्हातं गं?"

"कुलूप," सगुणाबाई सांगायची.

बाया हसून हसून वाकायच्या. तिला मात्र त्या कुलपाची आठवण यायची.

भाताच्या दाढीत, पेरलेल्या वाफ्यात, रोप तयार झालं. खाचरं पाच, आणि आवणीला उतरायला सगुणाबाई एकटी. पहिल्या दिवशी दोन हात जमीन लावून झाली नाही तोच पाठ मोडली. असं चाललं तर गणपती इथंच. रात्री तिनं सासूचे, गोजराबाईचे, पाय चेपता चेपता विषय काढला.

"आत्याबाई, गावातल्या बायांना बोलावलं तर?"

गोजराबाईनं डोळे मिटलेलेच ठेवले. "बलाव की."

"येतील?"

"न येयाला काय झालं? तू सोता दारात जाऊन बोलाव. जितक्या येत्याल तितक्या आन."

सगुणाबाई घरोघर फिरली. चाळीत लग्नाचे पापड लाटायला बायांना बोलवायची तसं हसून, हात धरून बोलावलं. आणि काय सांगावं, बायांनी बांध काळा केला! डोक्यावर इरली, कमरेला पदर, हातात रोपाच्या मुठी. साळूबाईनं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. गुडघाभर चिखलात रांग मागं मागं सरकत गेली आणि पुढं हिरवं होत गेलं. गाठी मारणारी बोटं रोपालाही लगेच सरावली. "आगं, मशीन हाय का बाई!" रंभाबाई ओरडली. दिवस मावळायच्या आत पाचही खाचरं लावून झाली. सगुणाबाईनं सगळ्यांना वाटाण्याची उसळ, भात आणि वर तूप सोडलेला शिरा वाढला.

घरी येऊन ती ट्रंक भरायला बसली. पातळं घड्या घालता घालता गुणगुणत होती. सकाळी पिरंगुटपर्यंत चालत जायचं आणि एस्टी धरायची.

सकाळी दारात साळूबाई.

"चल गं मशीन. रोप उपटून ठिवलंय."

"कुठं?"

"कुटं म्हंजी? माज्या खाचरात. काल मी तुज्यात व्हते न्हवं?"

"अहो पण मी जेवायला घातलं की सगळ्यांना!"

साळूबाईला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं गोजराबाईकडं बघितलं. "म्हातारे, सुनंला सांगितलं न्हाईस व्हय? बाई, ही सावड हाय. जे मानूस तुज्या चिखलात उतरलं त्येच्या चिखलात तू उतरायचं. आज मी, उद्या रंभा, परवा जयसिंगाची आई... जेवन तर कुत्र्यालाबी घालत्यात."

ती गेल्यावर सगुणाबाई सासूपुढं उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"म्हाईत हुतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस येत्याल का. परत जावं लागंल का, आसं कुटं इचारलंस?" म्हातारीनं कुडाला टेकून पाय लांब केले. "जितक्या आनल्यास तितकं तुजं बांध. म्या मोजायला न्हाई सांगितलं."

बहिरू कानाला हात लावून गोठ्यात गेला. "बायांच्या मधी मी काय बोलू?"

सगुणाबाई उतरली. आज एकीच्यात, उद्या दुसरीच्यात. बोटांच्या बेचक्या चिखलानं कुजल्या, रात्री त्यांना तेल लावून चुलीवर शेकायचं. हात जितका चपळ, तितकं बोलावणं आधी. सगळ्यांना मशीनच पाहिजे. ती नुसती लावत होती, एकेक घर मागं टाकत, जणू प्रत्येक रोपागणिक परळ चार बोटं जवळ येत होतं.

आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी सगळी घरं संपली. कुणाचं काही उरलं नाही. सगुणाबाईनं ठेवणीतलं जांभळं पातळ नेसलं, ट्रंक डोक्यावर घेतली आणि बांधानं निघाली. दुपारची एस्टी धरली की उद्या सकाळी खात्यात उभी.

ओढ्यापलीकडच्या खाचरात तानुबाई दिसली. ओली बाळंतीण. तिच्या बाळंतपणामुळं ती सगुणाबाईकडं आलीच नव्हती, म्हणून तिचं काही देणं नव्हतं. पोर बांधावर टोपलीत, आणि ही चिखलात ओणवी. उपटलेल्या मुठी पिवळ्या पडायला लागलेल्या. आजूबाजूच्या बाया आपापलं आटपून बांधावर टेकल्या होत्या. हात सुजलेले, कुणी उठेना.

तानुबाईनं मान वर केली. "चाललीस व्हय?"

"हो."

"बरं." ती पुन्हा वाकली. मग तशीच, वर न बघता म्हणाली, "येकली आसते, प्वार नसतं, तर बोलले नसते. रोप आज न्हाई लागलं तर गेलं. तू ये. म्होरल्या साली मी तुज्यात उतरंन."

"पुढल्या साली मी इथं नसणार."

"नसलीस तर नसलीस."

बांधावरच्या बाया बघत होत्या. साळूबाईसुद्धा. सगुणाबाईला वाटलं, कुणीतरी आडवं यावं, हात धरावा, म्हणजे हिसडा मारून पळता येईल. कुणी हात धरला नाही. त्या बघण्यातून ट्रंक घेऊन पलीकडं जायची वाट तिला सापडेना.

तिनं ट्रंक टोपलीशेजारी ठेवली. जांभळ्या पातळाचा काष्टा मारला आणि चिखलात पाय घातला.

"अगं ए!" ओढ्याअलीकडं घराच्या अंगणातून गोजराबाईची हाक आली. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. "लुगडं तरी बदल! चांगलं हाय ते!"

सगुणाबाईनं मूठ सोडली, पहिलं रोप खोचलं.

"कशाला?" ती खालूनच ओरडली. "आता कुठं नेसून जायचंय?"