व्याह्यांना हवे तसे ॲप

शेअरबाजारात एक रुपयाही न घालता ॲपवाल्यांची झोप उडवणारे गृहस्थ उरण तालुक्यात एकच आहेत आणि ते माझे व्याही आहेत. बंदरात तीस वर्षे ट्रेलर चालवून ते घरी बसले. तेव्हापासून ते ॲप निवडत आहेत.

ॲपांची नावे ते घेत नाहीत. निळा, हिरवा, जांभळा अशी रंगावरच ओळख. मदतकेंद्राला फोन लावला की त्यांचा पहिला प्रश्न दलालीचा नसतो. "तुमच्या हापिसासमोर ट्रेलर लागंल का?" हिरव्याची मुलगी म्हणाली, "सर, आमचं सगळं ऑनलाइन आहे." व्याह्यांनी फोन ठेवला. "पार्किंग न्हाय, व्याही. उद्या भांडायला जायचं तं गाडी कुठं लावू?" हिरवा बाद. जांभळ्याने खाते उघडायच्या आधीच पडद्यावर रंगीत कागद उडवले. "पैसे टाकले न्हाय तं एवढा नाच? ही तं आमच्याकडची वरात झाली," म्हणून तोही गेला.

या चोखंदळपणाला कारण होते. त्यांच्याबरोबर ट्रेलर चालवणारा मित्र अचानक वारला. त्याच्या बायकोला बँकेची स्लिपही भरता येत नव्हती. कागद घेऊन ती वर्षभर लोकांच्या दारात उभी राहिली. तेव्हा व्याह्यांनी ठरवले, खाते विहीणबाईंच्या नावावर, आणि ॲप असे, की त्या एकट्या चालवतील.

त्यामुळे शेवटची परीक्षा स्वयंपाकघरात होई. विहीणबाई जवळा निवडत बसलेल्या असत. "अंगठा ठेव गो." अंगठा उमटत नसे. त्यांनी अर्धे आयुष्य मिठागरात काढलेले. बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजल्या होत्या. व्याही मोबाइलवर डाफरत. "हिला अख्खा गाव वळखतो, आन् तू न्हाय?"

"त्याला कशाला बोलता?" विहीणबाई म्हणत. "माझा अंगठा मिठानं खाल्ला."

दिवाळीनंतर मी गेलो, तेव्हा निळ्यात अंगठ्याऐवजी चार आकड्यांचा पिन चालतो, असा शोध लागला होता. विहीणबाईंनी हात पुसले, पिन टाकला, एका कंपनीचा एक शेअर घेतला, ॲप बंद केले आणि कुणाला न विचारता पुन्हा उघडून दाखवले.

"पिन काय ठेवलास गो?"

"तुम्हाला कशाला पायजे? तुम्ही नसताना चालवायचं ना मी?"

आम्ही हसलो. व्याहीही हसले, पण लगेच थांबले. विहीणबाई मात्र तो एक शेअर पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

व्याही मला फाटकापर्यंत सोडायला आले, तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला. "निळा मना काय बरोबर वाटत न्हाय. एक नारंगी हाय, बोलतात. पयल्यापासून बघू परत. घाई न्हाय ना काय?"

नाही, घाई काहीच नाही, असे मी म्हणालो.