दिव्यावैनीचा जबाब

दिव्या लग्न होऊन बोरगावात आली तेव्हा धाकट्या दिराबद्दल तिला एवढंच सांगितलं होतं, की पोरगं जरा भोळं आहे. पहिल्याच दिवशी तिनं पाहिलं, सोळा वर्षांचा बाहुबली आईच्या हातनं जेवत होता. सासूबाई चंपाबाईच त्याला आंघोळ घालायच्या, शर्टाची बटणं लावायच्या. गल्लीत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. जी नावं ठेवली होती ती सांगण्यासारखी नाहीत. दिव्यानं मात्र पहिल्यापासून त्याला 'भावजी' म्हटलं, अहोजाहो केलं. बायका हसायच्या. बाहुबली हसायचा नाही. वैनीची हाक आली की तो उठून उभा राहायचा.

दिव्या संकेश्वरची, बारावीपर्यंत शिकलेली. दिराला काही शिकव म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचा, म्हणजे भरमूचा, मोठ्या बटणांचा जुना स्वेटर ट्रंकेत सापडला आणि दुपारी भांडी झाल्यावर ती तो घेऊन भावजींसमोर बसू लागली. त्यांच्या हातावर हात ठेवून बटण काजातून ढकलायचं, परत काढायचं.

"नको गं त्याला तरास देऊ," चंपाबाई म्हणायच्या. "मी हाय की करायला."

"तुम्ही हायसा तवर शिकूद्या की, आत्या."

बटणांना एक पावसाळा गेला. मग टॉवेलची घडी, मग स्वतःची आंघोळ. सगळ्यात जास्त वेळ लागला डेअरीला. सकाळी दुधाची किटली घेऊन दोघं जायची. पुढं पुढं दिव्या वाटेतल्या पिंपळापाशी थांबू लागली, मग गल्लीच्या तोंडाशी, मग घराच्या उंबऱ्यात. एके दिवशी डेअरीवाल्या भावकूनं विचारलं, "आज वैनी कुठं हाय रं?" तर बाहुबली म्हणाला, "माझा मी आलतो." भावकूनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा चंपाबाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. त्या रात्रीपासून त्यांनी लेकाला भरवणं सोडलं.

अशी वर्षं गेली. दिव्याचा मुलगा श्रेयस मोठा होऊन शिकायला बेळगावला गेला. चंपाबाई वारल्या. पाठोपाठ भरमू ट्रॅक्टरवरून पडला, कंबर कायमची दुखरी झाली, आणि दिव्याच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपण दोघं थकल्यावर भावजींचं कसं? श्रेयसच्या गळ्यात हे बांधायचं नव्हतं. अपंगत्वाचं कार्ड असलं की सरकारकडून महिन्याला पगार मिळतो, पुढं कुठं आसऱ्याला ठेवायची वेळ आलीच तर तिथंही तेच कार्ड मागतात, असं तिच्या कानावर होतं. इतकी वर्षं घरात कुणी तो विषय काढला नव्हता. अर्ज करणं म्हणजे चंपाबाईंच्या लेकाला वेडा म्हणून लिहून देणं, असंच सगळ्यांना वाटत आलं होतं.

अर्ज ऑनलाइन होता, गाव कर्नाटकात म्हणून कानडीत. गल्लीतल्या नागोजीनं आपल्या मुलीचं कार्ड काढलेलं होतं. दिव्याला कानडी वाचता यायचं, पण कागद कुठले लागतात ते ठाऊक नव्हतं; त्यानंच भरायला मदत केली. बेळगावला तपासणीची तारीख आली तेव्हा तो मुद्दाम घरी आला.

"वैनी, एक ध्यानात ठेवा. ह्ये येतंय, त्ये येतंय म्हणून कौतिक सांगत बसू नका. कार्डावर टक्के कमी पडत्यात. काय बी येत न्हाय म्हणायचं."

"पर येतंय की त्यांना लई."

"मग बसा घरात."

सरकारी दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी आधी बाहुबलीलाच कानडीत नाव विचारलं, "निन्न हेसरु एनप्पा?"

"बाहुबली," तो म्हणाला आणि वैनीकडं पाहून हसला.

मग त्या मराठीत दिव्याशी बोलू लागल्या. स्वतःची आंघोळ करतात का? दिव्या म्हणाली, नाही. कपडे? नाही. एकटे बाहेर जातात? नाही. एकेक 'नाही' पहिल्यापेक्षा सोपं जात होतं. बाहुबली तिच्याकडं बघत होता. त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. वैनीचं काहीतरी चुकतंय, सांगायला पाहिजे, असं त्याला वाटलं असावं. "मी किटली..." त्यानं सुरुवात केली.

"गप बसा, भावजी," दिव्या म्हणाली. मग डॉक्टरांना म्हणाली, "काय बी येत न्हाय हो त्यांना. सगळं मलाच करावं लागतंय."

डॉक्टरबाईंनी त्याच्यापुढं एक शर्ट ठेवला आणि बटण लावून दाखवायला सांगितलं. बाहुबलीनं हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत. चित्रं दाखवली, त्यानं पाहिली नाहीत. डॉक्टरबाई लिहीत गेल्या. आणि दिव्याला त्या क्षणी हायसं वाटलं. भावजींना न सांगताच कळलं, बरं झालं, असं वाटलं. त्या हायसं वाटण्याचाच तिला पुढं सगळ्यात जास्त राग आला.

परतीच्या गाडीत तिनं त्याला केळी घेऊन दिली. निपाणी आली तरी ती तशीच त्याच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाली, किटली भरून ठेवली, पण बाहुबली अंथरुणावरच बसून होता.

"भावजी, डेअरीला उशीर हुतोय."

"मला येत न्हाय," तो म्हणाला.

तिला वाटलं, रुसले आहेत. दोन दिवसांत जाईल. पण त्यात रुसवा नव्हता. तो चिडत नव्हता, भरवलं की जेवत होता, नीट झोपत होता. फक्त आंघोळीला बोलावलं की न्हाणीत उभा राहायचा, पाणी कुणी घालेल म्हणून वाट बघत. शर्ट घालून बटणं न लावताच यायचा. वैनीनं कधी खोटं सांगितलेलं त्याला माहीत नव्हतं. तिनं येतं म्हटलं तेव्हा त्याला आलं. आता येत नाही म्हणाली.

दिव्या त्याच्यासमोर बसली. "भावजी, मी तिथं खोटं बोलले. कार्डासाठी. तुम्हाला सगळं येतंय." त्यानं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. तिनं स्वेटर काढला, पूर्वीसारखा हातावर हात ठेवला. त्याची बोटं कापसासारखी सैल पडली. कितीतरी वेळ ती तशीच धरून बसली.

पुढं कार्ड आलं. टक्के नागोजी म्हणाला होता तसे पडले, पगार सुरू झाला. "काम झालं म्हणायचं," भरमू म्हणाला. बायकोचं तोंड बघून त्यानं कार्ड ट्रंकेत ठेवून दिलं.

निपाणीला मतिमंद मुलांना शिकवणाऱ्या अदिती नावाच्या बाई होत्या. दिव्या त्यांच्याकडं गेली, झालं ते सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरू करा. येईल तेवढं येईल. चाळिशीला आलेत, तेव्हा पूर्वीसारखं होईलच असं मी सांगत नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही घरात एवढं शिकवलंत. लहानपणी अर्ज करून इकडं आणलं असतं तर कुठवर गेले असते ते!" त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. दिव्याला ते घेऊन गाडीत बसणं जड गेलं.

ती पुन्हा शिकवू लागली. वर्षभरात तो हातानं जेवू लागला, टॉवेलची घडी घालू लागला. बटणं आली नाहीत. डेअरीला तो तिच्यामागनं रिकाम्या हातानं येतो. भावकू काही विचारत नाही.

पगाराच्या चौकशीला मध्ये एकदा गावचा कर्मचारी घरी आला होता. कागद काढून त्यानं नुसतंच "बाहुबली कोण?" म्हणून विचारलं. बाहुबली उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी. मला काय येत न्हाय." कर्मचाऱ्यानं कागदावर खूण केली आणि निघून गेला. दिव्या तोवर चहा घेऊन दारापर्यंत आली होती.

आता आसपास कुणाला कार्ड काढायचं असलं की बायका तिच्याकडं येतात. तिला कानडी वाचता येतं, कागद ठाऊक झालेत. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतली अक्काताई नातीसाठी आली. दिव्यानं अर्ज भरून दिला आणि म्हणाली, "डॉक्टरला खरं ते सांगा. जे येतंय ते बी सांगा. आणि काय येत न्हाय म्हणायचंच असलं, तर पोरीला आधी भाईर बसवा."

"का गं? तिला कुठं कळतंय?" अक्काताई म्हणाली.

बाहुबली तिथंच भिंतीला टेकून बसला होता. दिव्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि अक्काताईला म्हणाली, "चला, दारापर्यंत येते. तिथं सांगते."