मामांचं बुकिंग

मामांना चादरीवरची सुरकुती खपत नसे. दुबईत, देरा भागातल्या आमच्या हॉटेलात ते हाउसकीपिंगचे सुपरवायझर, मी रिसेप्शनवर. पलंगावरून नुसता तळहात फिरवायचे आणि गरजायचे, "काढ परत! ह्यावर काय म्हैस लोळली होती?"

स्वभावही तसाच कडक इस्त्रीचा. त्यांची मुलगी स्वाती आयर्लंडमध्ये नर्स. तिने न विचारता तिकडेच लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं बापाने तिच्याशी अबोला धरला होता. मामा निवृत्त झाले तेव्हा तिने मला मेल पाठवली, "दादा, बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची अंथरुणं घातली. इकडच्या एका जुन्या हवेलीत दोन रात्री त्यांना पाहुणा म्हणून झोपू दे. तूही सोबत ये, मीही येईन." मामा फणफणले. पण बुकिंग रद्द होत नाही म्हटल्यावर कोकणी माणूस विरघळला. पैसे भरलेली खोली रिकामी ठेवायची? पाप!

दोनशे वर्षांची ती दगडी हवेली, आता हॉटेल झालेली. दारातच मामांनी पडद्याला बोट लावून धूळ बघितली. मी शरमेने अर्धा झालो! जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं, आणि सगळी बोलणी माझ्यामार्फत. "हिला विचार, बटाटा घेते का." समोर बसलेल्या लेकीला! माझं डोकं उठलं.

सकाळी स्वाती फिरायला गेली, तेवढ्यात ह्या गृहस्थाने तिचाही पलंग आवरून ठेवला. परत आल्यावर ते दुमडलेले कोपरे बघून ती तिथेच बसली आणि ढसाढसा रडली. मामा खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजत राहिले.

निघताना म्हातारी मालकीणबाई पायरीपर्यंत आली. आपल्यात कुणी 'जातो' म्हणतं का? मामांनी हात जोडून 'येतो'चं सरळ इंग्रजी केलं, "आय कम, मॅडम."

बाई हरखली. लगबगीने आत जाऊन बुकिंगची जाडजूड वही घेऊन आली आणि पेन सरसावून विचारलं, कधी?

"काय म्हणते रे?"

"कधी येणार, विचारतेय."

मामा गोंधळले. मग दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ लेकीकडे पाहिलं. "कधी येऊ गं?"

स्वाती पुढे झाली. "जूनमध्ये या, बाबा. बाळंतपणाला घरचं माणूस लागेल मला."

मामांनी डोळे पुसले नाहीत, काही नाही. माझा दंड तेवढा घट्ट धरला आणि म्हणाले, "झिला, डिंकाचे लाडू विमानात नेऊ देतात ना रे?"