यांनी ज्युदोच्या गाद्या मऊ केल्या

शेवटच्या दिवशी हे ज्युदोच्या हॉलमध्ये गादीवर आडवे झाले आणि तिथे शिकवणाऱ्या मॅडमना वाटलं गादी तपासतायत. त्यांचा तरी काय दोष. ह्या माणसाला कुठेही आडवं होऊन बघायची सवय. सोफा दुरुस्त करायला गेले की आधी त्याच्यावर झोपणार, डोळे मिटणार, मग कुठे टोचतंय कुठे खचलंय ते सांगणार. तेही लोकांच्या घरी. एका वकिलाच्या बायकोला तर वाटलं यांना चक्करच आली, तिने यांच्या तोंडावर पाणी मारलं. आणि ज्या दिवशी खरंच काहीतरी झालं त्या दिवशी मॅडम शेजारून गेल्या त्या पाय न वाजवता, काकांचं काम चाललंय म्हणून. डॉक्टर म्हणाले लगेच आणलं असतं तरी उपयोग नव्हता, एका झटक्यात गेले. बरं. पण मला अजून राग येतो. माणसाने निदान त्या दिवशी तरी खुर्चीत बसावं.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथे फोम, रेक्झिन, लोकांचे उघडे पडलेले सोफे, आणि मागच्या खोलीत आम्ही तिघं. कापाकापी ठोकाठोक यांची, कव्हरं शिवायची माझ्याकडे. गल्लीत यांना सगळे स्पंज म्हणायचे. स्पंज आहे का घरात, असं कोणीही बाहेरून विचारायचं आणि हे आतून ओ द्यायचे. लाज नाही.

मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळचं प्रॅक्टिकल सुटलं की गोडाऊनच्या मागच्या रस्त्याने येते, दुसरा रस्ताच नाही. तिथे मोटरसायकलवरची दोन पोरं तिच्या मागेमागे यायला लागली. घरात ती काही बोलली नाही, तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. यांना सांगितलं तर जेवण सुटलं यांचं. मग म्हणाले तिला मारामारी शिकवायची, मी रोज कुठे कुठे पुरणार. मुलगी म्हणाली बाबा मी बघते ना, आमच्या कॉलेजात कळतं सगळं. तर नाही. तू अभ्यास कर, क्लास मी निवडतो. सोफ्याचं कापड निवडायला सुद्धा लोक घरातल्यांना विचारतात, हे एकटे निघाले.

आधी कराटेवाल्या सरांकडे गेले. पोरं रांगेत उभी राहून हवेत बुक्के मारतायत. यांनी विचारलं, मागून कोणी आलं तर? सर म्हणाले ते पुढच्या पट्ट्याला शिकवतो. हे म्हणाले, येणारा माणूस पट्टा बघून येणार आहे का. झालं, तिथलं संपलं. बॉक्सिंग नाकामुळे राहिलं. म्हणाले पोरगी माझ्या आईचं नाक घेऊन आलीये, ते मी फोडून घ्यायला देणार नाही. मग कोणीतरी एक जॅकेटवाला, एका दिवसात सगळं शिकवतो म्हणणारा. त्याला पण तेच, मागून आलं तर. त्याने यांनाच धरून दाखवलं. घरी आले ते कमरेत वाकून, आणि पुढे कितीतरी दिवस मी शेकत बसले. म्हणलं अहो, शिकायचंय कोणाला, तिला का तुम्हाला? तर म्हणतात, पायात घालून बघितल्याशिवाय चप्पल घेतेस का तू.

इकडे पोरगी रोज त्याच रस्त्याने येतेय. हे आणायला जायचे खरे, पण गिऱ्हाईक बसलं की बोलत राहायचे, मग गॅस बंद करून मी धावायचे. शेवटी तीच एक दिवस कॉलेजातून परस्पर ज्युदो बघून आली. गॅरेजच्या वरचा हॉल. शिकवणाऱ्या मॅडम बुटक्याशा, पण धिप्पाड पोराला पाठीवर घेऊन असं टाकलं म्हणाली की त्याला कळलंच नाही. घास हातात तसाच आणि ही बोलतेय. बाबा, मारायचं नाहीच, त्याचाच जोर घेऊन त्याला पाडायचं. मला हेच शिकायचंय.

हे गेले. मॅडम आवडल्या. मागून आलं तर, ह्याचं उत्तर पण पटलं, कारण मॅडमनी यांनाच आपटून दाखवलं. पण आपटल्यावर हे उठेनात. पडल्यापडल्या गादी दाबून बघतायत. म्हणाले, मॅडम, शिकवता झकास, पण ही गादी आहे का फरशी? माझी मुलगी ह्याच्यावर पडणार नाही. मॅडम म्हणाल्या काका, ज्युदोची गादी कडकच असते. तर हे म्हणतात कसे, ज्युदो तुम्हाला कळतं, गादी मला कळते. मी करून देतो. गाद्या फाटल्या होत्याच, मॅडमना वाटलं होतील शिवून, हो म्हणाल्या.

घरातला सगळा चांगला फोम तिकडे गेला. एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला आणलेला पण गेला. मी ओरडले तर मलाच म्हणाले, पोरीच्या हाडापेक्षा त्याचं बूड महत्त्वाचं आहे का.

झाल्या गाद्या. बसलं की उठूच नये अशा. आणि क्लास सुरू झाल्या झाल्या एका पोराचा पाय आत रुतला, घोटा मुरगळला. कोणाला धड उभंच राहता येईना. मॅडम तणतणत घरी आल्या.

"काका, तिथे बसायचं नसतं. उभं राहून दुसऱ्याला उचलायचं असतं. पाय रोवायला काहीतरी नको का?"

सोफा मऊ झाला म्हणून तक्रार घेऊन आलेलं माणूस यांनी कधी बघितलंच नव्हतं. क्लास बंद ठेवायला लागला. मॅडम गेल्यावर मुलगी रडली. म्हणाली बाबा, मी कुठल्याही क्लासला गेले असते ना, तर एव्हाना मला काहीतरी आलं असतं. तेव्हा मात्र यांचं तोंड एवढंसं झालं.

मग धावपळ करून कडक फोम आणला, तुकडे दाबून दाबून बनवतात तो. सकाळीच टेम्पोत भरला. मी म्हणलं दोन घास खाऊन जा, एवढा घाम कसला येतोय. ऐकतील तर ना.

"संध्याकाळी तिला घेऊन ये. आज तिचं नाव घालू. आता मी कशालाच नाही म्हणत नाही."

एवढं म्हणाले आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले. दुपारी मॅडमचा फोन आला. आम्ही पोचलो तर अर्ध्या गाद्या भरून झालेल्या, अर्ध्या फाडून ठेवलेल्या, एकीत दाभण तसंच टोचलेलं. म्हणजे जातानाही काम अर्धवटच.

मॅडम घरी भेटायला आल्या आणि रडायला लागल्या. मी नुसतं हलवून बघायला हवं होतं, म्हणत होत्या. त्यांची पण समजूत मीच काढली. मुलगी म्हणाली मी आता त्या हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. पण रस्ता तोच आहे, तिला आणायला आता मी एकटी, आणि ती पोरं काय आमच्या घरातलं माणूस गेलं म्हणून थांबणार आहेत का. एका सकाळी तिला म्हणलं चल, गाद्या धरायला तरी चल, मला एकटीला उलटत नाहीत. उरलेल्या सगळ्या मी शिवल्या. ती हॉलच्या दारात रडली, मग आत येऊन टोक धरून बसली. शिवून झाल्यावर मॅडमनी तिला काही विचारलं नाही. उद्या ये, एवढंच म्हणाल्या, आणि ती गेली.

काल मी कांदा चिरत होते तर आली, म्हणाली आई माझं मनगट धर. म्हणलं हात ओले आहेत माझे. धर ग. धरलं. तिने अंगठ्याकडून असा हिसका दिला की सुटलाच हात. बघ, म्हणाली. एवढी खूश. म्हणलं तुला काय आईच धरायला येणार आहे का, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ओढते, वळते, पायाने जोर लावते, काही सुटेना.

"दोन हातांचं अजून शिकवलं नाहीये. सोड ना आई, दुखतंय."

मी जरा सैल केलं, पण सोडलं नाही. म्हणलं उद्या थोडी लवकर जा आणि मॅडमना विचारून ये.