खडकावरचा डबा

समुद्र म्हटलं की आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातले लोक पुरीचं तिकीट काढतात. देवदर्शनही होतं आणि पायही भिजतात. आम्ही नवराबायको मात्र दर हिवाळ्यात विशाखापट्टणमची गाडी धरायचो आणि त्याच्याही पुढच्या एका उजाड, खडकाळ किनाऱ्यावर जाऊन बसायचो. "तिथं आहे तरी काय? नुसते गोटे!" माझी जाऊ म्हणायची. लाटा आपटतात, वाऱ्यानं कान बधिर होतात आणि कोणी काही विचारायला येत नाही. एवढंच आहे, बाई!

पहिल्या वर्षी तर फजितीच झाली. महानदी पाहत वाढलेली माणसं आम्ही. पाणी चढतं ते पावसाळ्यातच, हे डोक्यात पक्कं. खालच्या खडकावर पुऱ्यांचा डबा ठेवला आणि गेलो फिरायला. एक मासेवाली बाई तेलुगूत ओरडून हात हलवत होती. आम्हीही हसून हात हलवले. परत येऊन पाहतो तर डबाही नाही आणि खडकही नाही! माहेरून आलेला, नाव कोरलेला डबा तो. मी रडकुंडीला आले, आणि हे हसून हसून लोटपोट. "काहून रडून राहिली? समुद्राले भूक नसते लागत काय?" तेव्हापासून दर वर्षी यांचं एकच पालुपद, "डबा उचल, पाणी चढून राहिलं." पाणी कोसभर दूर असलं तरी. वैताग नुसता!

मग रायपूर राजधानी झालं. राज्य नवीन, फाइली जुन्या. भोपाळहून गाड्या भरभरून यायच्या आणि यांच्या सरकारी कचेरीतल्या टेबलावर रिकाम्या व्हायच्या. सुटीचं नावच नाही. एका सकाळी आंघोळ करून आले ते दारातच कोसळले. लकवा. पाय हळूहळू सावरला, पण जीभ काही सावरेना. चौकाचौकात थांबून गप्पा हाणणारा माणूस, पण दाराशी कोणी आलं की आतल्या खोलीत जायला लागला. मले ते पाहवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. धीर काय दुकानात मिळतो?

त्या हिवाळ्यात मी तिकिटं काढली. सगळे म्हणाले, वेड लागलं काय हिला? लागलं असेल! मुलगी "मम्मी, मत जाओ" करत पार स्टेशनापर्यंत आली.

किनाऱ्यावर यांना धरून धरून नेलं आणि आमच्या नेहमीच्या खडकावर बसवलं. त्या धांदलीत हातातला डबा खालीच राहिला. मी घाम पुसत बसले होते. एवढ्यात यांनी माझा पदर गच्च ओढला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ड... डबा. उचल."

मी जागची हललेच नाही. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"डबा उचल!" चक्क चिडले माझ्यावर.

तोवर लाट आली आणि पुऱ्यांसकट डबा घेऊन गेली. मी यांचा हात धरून ढसाढसा रडले. खाऊ दे रे बाबा समुद्राला, त्याला भूक लागली असेल. माझं माणूस बोललं.